जामकाठच्या न दिसणाऱ्या जखमा

कोकण-गोव्यातील आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पांढुर्णा आणि सौंसर ही गावे पाहिली असतील. नागपूरच्या उत्तरेस, संत्र्यांच्या बागांत वसलेला हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्यप्रदेशातच राहिला आणि २०२३ साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात समाविष्ट झाला. पोळा तेथे विदर्भासारखाच साजरा होतो. त्याचा दुसरा दिवस मात्र पांढुर्ण्याचा स्वतःचा आहे.

त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, पूजा करतात. मग एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव अशी गोटमार सुरू होते. फार पूर्वी एका गावाचा मुलगा दुसऱ्या गावाच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत असता दोन्ही काठांवरून दगड आले व ती दोघे प्रवाहातच मेली, अशी कथा सांगतात. झेंडा तोडून आणणारा पक्ष जिंकतो आणि तो झेंडा चंडीमातेला अर्पण होतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी प्राणही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते लोकांनी पत्करले नाहीत. देवीचा अंगारा जखमेला लावून पुन्हा पात्रात उतरणारे वीर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही.

फुटलेली डोकी मोजली जातात, टाके घातले जातात. पण आमच्या परिचयातील एक मावशी आहेत. लहानपणी त्यांनी काठावरून आपल्या थोरल्या भावाचे कपाळ फुटताना पाहिले. भाऊ बरा झाला, संसारात रमला, आज तो प्रसंग हसत सांगतो. मावशींना मात्र अजूनही रस्त्यावर गिट्टीचा ट्रक रिकामा होऊ लागला की हातपाय गार पडतात. पोळा जवळ आला की झोप उडते, आणि गोटमारीच्या दिवशी दारेखिडक्या लावून त्या देवघरात बसून राहतात. त्या म्हणतात, ‘आठवत नाही हो, दिसतं.’ आघाताचे याहून नेमके वर्णन आम्हांस कोणत्याही ग्रंथात मिळालेले नाही. साधी आठवण काळाबरोबर जुनी होते. ही होत नाही.

मावशी जातात ते जामसावळीला. सौंसरजवळ, त्याच जाम नदीच्या परिसरात, पिंपळाखाली पहुडलेली हनुमंताची मूर्ती आहे. मूर्तीच्या नाभीतून येणारे जल तीर्थ म्हणून देतात. मनाने खचलेल्या, ‘बाहेरचे’ झाले असे समजल्या जाणाऱ्या माणसांना घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे तेथे मुक्कामाला येतात. तिथे राहून आल्यावर मावशींना दोनतीन महिने बरी झोप लागते. आम्ही ह्यास भ्रम म्हणणार नाही. दक्षिणेतील एका मंदिरात मुक्कामास राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ साली ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात, औषध नसताना, त्यांची लक्षणे सुमारे एक-पंचमांशाने उतरली होती. देवळाचा आसरा, नेमाचा दिवस आणि कोणी हिणवीत नाही हा दिलासा, ह्यांचे बळ मोठे आहे.

तथापि ते चित्र पुसट करण्याची एक निराळी विद्या आता उपलब्ध आहे. अमेरिकेतील फ्रान्सिन शपिरो ह्या विदुषींना १९८७ साली बागेत फिरताना जाणवले की, डोळे इकडून तिकडे हलत असता मनातील त्रासदायक विचारांची धार कमी होते. त्यावरून त्यांनी जी उपचारपद्धती बांधली तिला ई. एम. डी. आर. म्हणतात, आपण नेत्रसंचलन म्हणू. उपचारक आरंभी रुग्णाचा विश्वास संपादतो, मन स्थिर करण्याचे उपाय शिकवितो. ही तयारी टाळता येत नाही. मग रुग्णाने तो प्रसंग, त्याबरोबर येणारा स्वतःविषयीचा विचार आणि शरीरातील जाणीव मनात धरावयाची व डोळ्यांनी उपचारकाच्या हलत्या बोटांचा मागोवा घ्यावयाचा. अर्ध्या मिनिटाने थांबून, काय आले ते सांगावयाचे; पुन्हा तेच. त्रास किती ते शून्य ते दहा ह्या मापाने विचारतात. ही मोहिनीविद्या नव्हे. रुग्ण पूर्ण जागा असतो.

ह्याची एक उपपत्ती अशी की, मनाची तात्कालिक पाटी लहान असते. चित्र धरणे आणि डोळे हलविणे ही दोन्ही कामे तिच्यावर मावत नाहीत, म्हणून चित्र फिके होते आणि फिकेच परत साठविले जाते. डोळ्यांची हालचाल खरोखर आवश्यक आहे काय, ह्याविषयी तज्ज्ञांत वाद आहे. गुण येतो ह्याविषयी मात्र फारसा नाही. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर विकारासाठी ही पद्धती शिफारशीत घेतली.

आमच्यापैकी काहींना येथे लगेच त्राटक आठवेल, आरतीच्या ज्योतीमागे फिरणारी दृष्टी आठवेल. हे सारे आपल्याकडे होतेच, असे म्हणण्याचा मोह आवरावा हे बरे. त्राटकात दृष्टी स्थिर ठेवतात, येथे ती हलविली जाते. आणि आरतीत आपण दुःखाचे चित्र मुद्दाम मनात धरीत नाही.

देऊळ सोडून दवाखान्यात जा, असे मावशींना सांगणे निरर्थक आहे. त्या जाणार नाहीत. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ गुणशीलम् येथील विष्णुमंदिरात मनोरुग्ण ४८ दिवसांचे व्रत करून राहतात. २००१ साली एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत मेल्यानंतर अशा श्रद्धास्थानांकडे शासनाचे लक्ष गेले. गुणशीलम् येथे आज मंदिराच्या आश्रयाने पुनर्वसन केंद्र चालते, मानसोपचारतज्ज्ञ तपासावयास येतात, आणि देवाचे तीर्थही थांबलेले नाही. जामसावळीच्या धर्मशाळेत असे का होऊ नये? एक शांत खोली, दोन खुर्च्या, आणि मावशींची बोली समजणारी, ह्या विद्येचे रीतसर शिक्षण घेतलेली एक बाई. तीर्थ घेऊन झाल्यावर तिच्यापुढे जाऊन बसण्यास मावशी का कू करणार नाहीत, असे आम्हांस वाटते.

ह्यावर पांढुर्ण्यातील आमच्या एका मित्राने विचारले, ‘दगड दरवर्षी चालूच राहणार, मग डोळे फिरवून काय साधणार?’ प्रश्न रास्त आहे. दगड थांबविणे दोन्ही काठांच्या पंचांच्या हाती आहे, उपचारकाच्या नव्हे. पण मावशींचे वय आता सत्तरीला आले आहे, आणि त्यांना पंचांचा निर्णय होईपर्यंत थांबावयास सांगणे आम्हांस जमणार नाही.