निवड एका कॅमशाफ्टची

मोटारीच्या इंजिनाचा विषय निघाला, की आपण बहुधा त्याच्या आकाराविषयी बोलतो. किती सीसी, किती सिलिंडर, किती अश्वशक्ती, एवढेच विचारतो. परंतु एकाच आकाराची दोन इंजिने अगदी वेगळ्या स्वभावाची असू शकतात. हा स्वभाव पुष्कळ अंशी ठरवतो तो इंजिनाच्या पोटात फिरणारा एक धातूचा दांडा. त्याला कॅमशाफ्ट म्हणतात.

सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेणारी एक झडप असते आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी दुसरी. मेकॅनिक मंडळी या झडपांना व्हॉल्व्ह म्हणतात. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरू लागला, की उंचवट्याच्या रेट्याने व्हॉल्व्ह उघडतो आणि उंचवटा पुढे सरकला, की स्प्रिंग तो मिटवते. व्हॉल्व्ह किती उघडावा हे उंचवट्याच्या उंचीवर आणि किती वेळ उघडा राहावा हे त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. हा वेळ क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात.

माझा भाचा इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ नोकरी करतो. त्याच्याकडे एमजीबी ही जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही मोटार तयार होत असे. २०२३ च्या उन्हाळ्यात मी व माझे मेहुणे, म्हणजे भाच्याचे वडील, त्याच्या घरी गेलो, तेव्हा तिचे १७९८ सीसीचे इंजिन उघडून ठेवलेले होते. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा झिजला होता. त्यामुळे त्याचा व्हॉल्व्ह पुरता उघडत नव्हता आणि एक सिलिंडर जणू अर्धपोटी काम करत होता. नवा कॅमशाफ्ट घेणे भागच होते. प्रश्न होता तो कोणता घ्यावा याचा.

भाऊजींनी सांगलीत तीस वर्षे गॅरेज चालवले. अँबॅसडर गाड्यांची किती इंजिने त्यांच्या हाताखालून गेली, याची गणतीच नाही. एमजीबीच्या इंजिनावरून हात फिरवत ते म्हणाले, "अरे, हे तर आपल्या अँबॅसडरचे थोरले भावंड!" ते खरेच होते. अँबॅसडरमध्ये अनेक वर्षे बसवले जाणारे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच घराण्यातले.

भाच्यापुढे तीन पर्याय होते. मूळ कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह २५२ अंशांपर्यंत उघडा ठेवत असे. दुसरा, रस्त्यावर थोड्या अधिक जोमाने चालवण्यासाठी केलेला, २७० अंशांचा होता. तिसरा शर्यतीसाठीचा, तीनशे अंशांच्या घरातला. भाच्याचे मन तिसऱ्यावर जडले होते. त्यासाठी त्याने वर्षभर पैसे बाजूला टाकले होते.

शर्यतीच्या कॅमशाफ्टची ओढ वाटावी, यात नवल नाही. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनला एकदा खाली यायला सेकंदाचा अवघा दोनशेवा भाग मिळतो. एवढ्या घाईत सिलिंडर पुरता भरत नाही. व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा राहिला, तर वेगाने येणारे मिश्रण पिस्टन वर निघाल्यावरही आत शिरत राहते आणि शक्ती वाढते. पण हेच इंजिन १००० फेऱ्यांवर आले, की उघड्या व्हॉल्व्हमधून पिस्टन ते मिश्रण मागे लोटतो. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहिल्याने जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो. इंजिन थरथरते, चढावर दमते. वरच्या फेऱ्यांवर मिळालेल्या शक्तीची किंमत खालच्या फेऱ्यांवर मोजावी लागते. तेवढ्यावर भागतही नाही. अधिक ताठ स्प्रिंगा, वाढवलेले कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटरची नवी जुळणी असा सगळा लवाजमा मागोमाग येतो.

भाऊजींनी सल्ला दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "तू रोज किती फेऱ्यांवर गाडी चालवतोस?" भाच्याने आठवून सांगितले, "कामावर जाताना पंधराशे ते चार हजार. त्याच्या वर क्वचितच." मग तो जरा चिडून म्हणाला, "बाबा, म्हणजे मी आयुष्यभर जपूनच चालवायचे का?"

"जपून नको," भाऊजी शांतपणे म्हणाले, "पण तू जिथे चालवतोस, तिथेच तुला जोर मिळायला हवा ना? सहा हजारांवरची शक्ती सिग्नलपाशी उभी राहून काय करणार?"

त्या रात्री भाचा बराच वेळ जागा होता. सकाळी त्याने २७० अंशांचा कॅमशाफ्ट मागवला आणि सोबत नवे टॅपेटही. जुने टॅपेट जुन्या उंचवट्यांशी घासून बसलेले असतात. ते नव्यावर ठेवले, तर नवा दांडा लवकरच खराब होतो. बसवल्यावरचा पहिला अर्धा तास तर सर्वांत नाजूक. अशा इंजिनात उंचवट्यांना तेल मिळते ते मुख्यतः क्रँकशाफ्टच्या उडवण्यातून. म्हणून इंजिन सुरू होताच ते मंद न ठेवता वीसेक मिनिटे २००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे लागते. ती वीस मिनिटे बापलेक इंजिनाशी कान लावून उभे होते. कोणीच काही बोलले नाही.

मी भाषेचा विद्यार्थी. मला त्या वेळी 'योग्य' हा शब्द आठवला. जोडणे या अर्थाच्या 'युज्' या संस्कृत धातूशी त्याचे नाते आहे. जे नीट जोडले जाते, ते योग्य. भाच्याने घेतलेला कॅमशाफ्ट त्याच्या इंजिनाशी, त्याच्या रस्त्याशी आणि त्याच्या रोजच्या जाण्यायेण्याशी जोडला गेला होता. भाऊजींनी तीस वर्षांत हा शब्द गॅरेजमध्ये उच्चारलाही नसेल; त्याचा अर्थ मात्र त्यांना ठाऊक होता.