वाघेरा घाटातला एसी

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या हरसूलला गाडीच्या एसीला मान नाही. भोवती सागाचं रान, पावसाळ्यात दिवसचे दिवस न उघडणारं आभाळ, थंडीत पहाटे शेकोटीपाशी ओढून नेणारा गारठा. अशा गावात गार हवेसाठी कुणी डिझेल जाळावं, हे लोकांना पटत नाही. जुनी गाडी घेताना माणसं इंजिन बघतात, पाटे बघतात, टायर दाबून बघतात. एसीविषयी विचारलं तर विकणारा सहज सांगतो, "आहे ना, फक्त गॅस भरायचा बाकी आहे." घेणाराही मान हलवतो आणि विषय संपतो. डॅशबोर्डमागचा हा गडी मग वर्षानुवर्षं रिकामा बसतो आणि बसून बसूनच आजारी पडतो. मला त्याच्याविषयी लिहायचंय, कारण त्याचं खरं काम आम्हाला कुणी नीट सांगितलेलंच नाही. गिरणारे-वाघेरा-हरसूल या रस्त्यावर तर ते काम जिवाच्या मोलाचं आहे.

त्याचं खरं काम म्हणजे हवेतलं पाणी काढणं.

त्याचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, हवा कोरडी झाली की आक्रसायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं बाष्प खाली पाडायची योजना आखली. माणसाच्या अंगाला गार वाटावं हा हेतू त्यात नव्हता. कागद कोरडा राहावा एवढंच हवं होतं. मोटारीत तो शिरला तो १९४० सालच्या पॅकार्ड गाडीतून. तेव्हा त्याला बंद करायचं बटणच नव्हतं. नको असेल तर इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि हातानं पट्टा काढून ठेवायचा. आज आपण बटण दाबतो आणि पुढून 'टिक्' असा आवाज येतो, तो पट्टा काढण्या-घालण्याचं काम करणाऱ्या चुंबकी क्लचचा. एसीची प्रकृती ओळखायची असेल तर सर्वांत आधी हा 'टिक्' ऐकायला शिकावं.

अंगानं तो अख्ख्या गाडीत पसरलेला असतो. इंजिनाच्या कडेला कॉम्प्रेसर, पट्ट्यावर फिरणारा; हे त्याचं काळीज. रेडिएटरच्याही पुढे, जाळीला लागून कंडेन्सर. रस्त्यावरची सगळी धूळ आणि खडे पहिल्यांदा याच्या अंगावर येतात. मध्ये ओल शोषणारा ड्रायर, पुढे सुईच्या जाडीच्या वाटेतून गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, आणि डॅशबोर्डच्या पोटात कुणाला कधी न दिसणारी कूलिंग कॉईल. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबला की तो तापतो. कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाते आणि त्याचा द्रव होतो. व्हॉल्व्हपुढे दाब एकदम उतरतो, कॉईलमध्ये तो द्रव उकळू लागतो आणि उकळायला लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. आपल्या बहुतेक गाड्यांत असतो तो आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. गार पाण्यानं भरलेल्या पितळी तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच या कॉईलला सुटतो. तो निथळून एका रबरी नळीतून रस्त्यावर टपकतो. गाडीखाली पाण्याचं थारोळं बघून घाबरणारे बरेच भेटतात. ते पाणी म्हणजे त्याची तब्येत ठणठणीत असल्याची खूण. काळजी करायची ती, पाणी खाली न पडता पुढच्या सीटच्या पायाशी साचलं तर. तेव्हा नळी चिखलानं नाहीतर पाल्यानं बुजलेली असते.

आता जुलैत वाघेरा घाटात चला. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस असतात, जीप खच्चून भरलेली असते. कुणाच्या अंगावर ओली प्लॅस्टिकची खोळ, कुणाच्या मांडीवर भिजलेलं पोतं, मागे नाशिकहून परतणारी बाजारहाटाची माणसं, पायांचा चिखल. पाऊस आत येऊ नये म्हणून काचा गच्च वर. बसल्या जागी प्रत्येक माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला काही चमचे पाणी हवेत सोडत असतो. ओले कपडे त्यात आपली भर घालतात. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. बाहेरून पावसानं गार झालेल्या काचेला ती हवा लागली की जास्तीचं बाष्प काचेवर बसतं. दोन वळणं झाली की समोर पांढरा पडदा. बाहेरही ढग उतरलेला असतो, त्यामुळे धुकं कुठलं आतलं आणि कुठलं बाहेरचं, हे ड्रायव्हरलाही कळेनासं होतं. मग एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात टॉवेल. कुणी तंबाखूची चिमूट काचेवर चोळतो, कुणी शेजारच्या पोराला सांगतो, "पूस रे पुढची काच." पुसलेली काच अर्ध्या मिनिटात पुन्हा भरून येते, आणि समोरून खडीचा ट्रक येत असतो.

हे सगळं चालू असताना, हातभर अंतरावर एक बटण असतं. ते दाबलं आणि हवेची दिशा काचेकडे वळवली तर हवा आधी गार कॉईलवरून जाते. पाचेक अंशांपर्यंत गार झालेल्या हवेत घनमीटरमागे जेमतेम सात ग्रॅम बाष्प राहू शकतं; बाकीचं पाणी होऊन खालच्या नळीनं निघून जातं. ती कोरडी हवा काचेवर आली की पडदा बघता बघता विरतो. सोबत हीटर थोडा उघडला तर आणखी चांगलं. एसी आणि हीटर एकदम लावलेले बघून लोकांना नवल वाटतं, पण दोघं मिळूनच हे काम उत्तम करतात: एक पाणी काढतो, दुसरा त्याच हवेला ऊब देतो म्हणजे ती काचेवरची ओल पिऊन घेते, आणि भिजलेलं लेकरू कुडकुडत नाही. एक मात्र पाळायला हवं. आतलीच हवा फिरवत ठेवणारी कळ अशा वेळी बंद ठेवायची आणि बाहेरची हवा येऊ द्यायची, नाहीतर माणसांच्या श्वासाचं बाष्प आतल्या आत साचत राहतं. कधी उलटंही घडतं. पावसाळी उबदार रात्री एसी जोरात काचेवर सोडला तर काच इतकी गार होते की धुकं बाहेरच्या बाजूला धरतं. तेव्हा आतून पुसून उपयोग नसतो. वायपर फिरवायचा आणि गारवा कमी करायचा.

मला या गड्याचा स्वभाव आवडतो तो यासाठी की तो आजारी पडायच्या आधी सांगतो. ऐकणारा हवा. क्लच क्षणात लागतो, क्षणात सुटतो, टिक्-टिक् चालू राहते: बहुधा गॅस कमी झालाय आणि दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला जपण्यासाठी त्याला थांबवतोय. सपाटीला छान गार आणि घाट चढताना गरम: कंडेन्सरचा पंखा बघा, नाहीतर कंडेन्सरच मळलाय. चढाला गाडी हळू असते, वारा मिळत नाही, त्यात कॉम्प्रेसर इंजिनाची तीन-चार अश्वशक्ती मागत असतो. तिथे त्याचं सगळं उघडं पडतं. सुरुवातीला उत्तम आणि अर्ध्या तासानं वाराच येईना: कॉईलवर बर्फ धरलाय. चालू करताक्षणी ओल्या गोणपाटाचा वास आला तर कॉईलवर बुरशी आहे. त्यावर सुगंधी डबी लटकवणं हा इलाज नव्हे. फिल्टर बदलायचा, कॉईल धुऊन घ्यायची, आणि मुक्कामाच्या आधी पाच मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉईल कोरडी होते.

आमच्या भागातले त्याचे शत्रूही आमच्याच भागातले. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. ती राख आणि अर्धवट जळालेला पाला वाऱ्यावर उडतो आणि कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत जाऊन बसतो. त्यावर पहिला पाऊस पडला की त्याचं लिंपण होतं. सागाचा पाला काचेखालच्या जाळीत कुजतो, बाहेरची हवा आत यायची वाटच बुजते. भात घरात आलं की उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि क्लचची वायर कुरतडतात. मग 'कॉम्प्रेसर गेला' म्हणून हजारोंचा अंदाज कानावर येतो आणि निघते ती वीतभर तुटलेली वायर. कंडेन्सर धुताना मात्र हात हलका हवा. सर्व्हिसिंगच्या जोरकस फवाऱ्यानं ते पत्रे वाकतात आणि वाकलेल्या पत्र्यांतून वारा जात नाही. मऊ ब्रश, नळाचं साधं पाणी, एवढं पुरतं.

त्याचा खरा घात करतो तो रिकामपणा. गॅसबरोबर त्याच्या अंगात तेलही फिरतं आणि तेच कॉम्प्रेसरच्या शाफ्टची सील ओली ठेवतं. महिनोन् महिने एसी लावलाच नाही तर सील सुकते, गॅस झिरपू लागतो आणि त्यासोबत तेलही जातं. पुढच्या वैशाखात पाहुणे येणार म्हणून बटण दाबावं, तर तेलाविना कॉम्प्रेसर घासतो आणि एक दिवस जाम होतो. डिझेल वाचवायला म्हणून वर्षभर बंद ठेवलेला एसी वाचलेल्या डिझेलच्या कितीतरी पट खर्च मागतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, अगदी डिसेंबरातही, तो चालवला तर हे टळतं.

आणि गॅस. याविषयी सर्वांत जास्त फसवणूक होते. "दरवर्षी गॅस भरावाच लागतो" असं सांगणारी दुकानं आहेत आणि मानणारे आम्ही आहोत. नाशिकला ज्या मिस्त्रींकडे मी आता जातो, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "सर, गॅस संपत नसतो. गॅस जातो. कुठून जातो ते आधी बघू." जोडांतून अगदी सावकाश थोडा झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात सगळा गेला तर कुठेतरी भोक आहे. चांगला मिस्त्री नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानं ते शोधतो, उघडलेल्या यंत्रणेचा ड्रायर बदलतो, अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढतो, आणि मग वजन करून गॅस भरतो. लहान गाडीला साधारण अर्धा किलो लागतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो. अंदाजानं जास्त भरला तरी गारवा घटतो. व्हॅक्यूम न लावता भरला तर आत राहिलेली ओल व्हॉल्व्हपाशी बर्फ होऊन वाट अडवते आणि तेलात मिसळून आतून गंज धरते. पूर्वी एका दुकानात माझ्या गाडीत न विचारता गळती बुजवायचं रसायन सोडलं गेलं. भोक बुजलं नाहीच, व्हॉल्व्ह मात्र चिकटला आणि डॅशबोर्ड उतरवायची वेळ आली.

गळका एसी तसाच भरत राहणं हा आभाळाशीही अन्याय आहे. आधीचा आर-१२ गॅस ओझोनचा थर खात होता, म्हणून १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात आला आणि तो गॅस गेला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. अर्धा किलो हवेत सोडला की साधारण तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका ताप जगाला दिला. जुना गॅस मशीनमध्ये ओढून घ्यायची सोय असते; काम देताना ती मागायला आपण शिकलं पाहिजे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. ड्रायव्हरचं डोकं शांत राहावं हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. प्रवासी वाहणाऱ्या आमच्या जीप आणि व्हॅनसाठी मी एवढंच मागेन की एसी 'आहे पण चालत नाही' असं कुणी सहजपणे सांगू नये. ब्रेक चालत नाही असं आपण सहजपणे सांगत नाही.

तेव्हा हरसूल, ठाणापाडा, पेठ, सुरगाणा या बाजूला गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. राब भाजून झाले आणि मृगाला आठ-पंधरा दिवस उरले की एक सकाळ या कामाला द्या. कंडेन्सर धुवा, काचेखालचा पाला काढा, केबिन फिल्टर बदला, पाण्याची नळी फुंकून बघा, पट्टा तपासा, आणि बटण दाबून 'टिक्' ऐका. ऐकू आला नाही, तर पहिल्या पावसाच्या आधी नाशिक गाठा.