वसईची किल्ली: चौकची धारावी

धारावी म्हटले की मुंबईतली वस्ती डोळ्यांपुढे येते. मीरा-भाईंदरची धारावी मात्र निराळी. उत्तनच्या पुढे, चौक गावाशी, वसईच्या खाडीचे मुख जिथे समुद्राला मिळते, तिथल्या टेकडीवर हा किल्ला होता.

समोरच्या तीरावर वसईचा कोट. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. साष्टीही बव्हंशी हाती आली. वसई मात्र पडेना. तिला माणसे, दाणागोटा आणि दारूगोळा समुद्रातून पोहोचे, तो याच मुखावाटे. उल्हास नदीचे पाणी पोटात घेणाऱ्या या खाडीला ओहोटी लागली की प्रवाह बाहेरच्या दिशेने अशी ओढ घेतो की आजही येथे पोहणे जिवावर बेतू शकते. शिडाच्या गलबतांनाही अशा वेळी भरतीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. आणि वाट पाहणारे गलबत धारावीच्या टेकडीवरून स्पष्ट दिसे.

चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मार्च १७३९ मध्ये धारावी मराठ्यांकडे आली. वसईने मे महिन्यात शरणागती पत्करली. अर्थात, तटाखालचे सुरुंग आणि तिथे पडलेले असंख्य मावळे यांचे मोल त्याने उणे होत नाही. पण इतिहासाने सारे श्रेय वसईच्या नावे लिहिले, हेही खरे.

चौकच्या टेकडीवर आज चिमाजी आप्पांचा पुतळा आहे. तटबंदीचे थोडेसेच अवशेष उरले आहेत. सायंकाळी येणारी मंडळी सूर्यास्ताची छायाचित्रे घेतात, ती बहुधा त्या दगडांकडे पाठ करूनच.