पाण्यावरची रेषा

पर्युषण पर्वाला आठवडा उरला होता. रविवार असल्याने दुकान बंद होते. माणिकपूरच्या त्या घरात सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले होते, बाहेर पावसाची संततधार होती. महाविद्यालयात शिकणारा मुलगा संगणकावर एक माहितीपट पाहत होता. गृहस्थ सहज त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि थोड्या वेळाने खुर्ची ओढून बसले.

माहितीपट होता अमेरिकन टेनिसपटू जॉन मॅकेन्रो याच्यावरचा, फ्रेंच दिग्दर्शक ज्यूलियाँ फारो याने 2018 मध्ये पूर्ण केलेला. पॅरिसच्या तांबड्या मातीवर पूर्वी टिपलेल्या जुन्या चित्रफितींतून तो घडविला आहे. डावखुऱ्या मॅकेन्रोचा खेळ पाहताना गृहस्थांना टेनिसचे नियम ठाऊक असण्याची गरज भासली नाही. मनगटाच्या हलक्या वळणासरशी चेंडू नेमका हवा तेथे पडत होता. आणि तोच माणूस पुढच्या क्षणी पंचांवर ओरडत होता, रॅकेट आपटत होता, छायाचित्रकारांवर डाफरत होता.

"हा एवढा चिडतो कशाला?" त्यांनी विचारले.

"बाबा, त्याला वाटतं, चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे पंचांपेक्षा त्याला अधिक स्पष्ट दिसतं," मुलगा म्हणाला. 1981 च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत त्याने पंचांशी घातलेला वाद जगभर गाजला. चेंडू रेषेवर पडून खडूची भुकटी उडाली, मग तो बाहेर कसा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

गृहस्थ गप्प झाले. क्रोधाचे हे रूप त्यांच्या ओळखीचे होते. खोटे बोलणाऱ्याचा राग लवकर विझतो. आपण बरोबर आहोत याची खात्री असलेल्याचा राग मात्र विझत नाही, कारण तो त्याला रागच वाटत नाही. तो त्याला न्याय वाटतो. त्यांचे स्वतःचे तसेच झाले होते. चार वर्षांपूर्वी दुकानाच्या वाटणीच्या वेळी हिशेबात फरक निघाला. चूक थोरल्या बंधूंची होती आणि ती त्यांनी चारचौघांत, कठोर शब्दांत दाखवून दिली. तेव्हापासून विरारला राहणाऱ्या दादांचे आणि त्यांचे बोलणे बंद होते. दर संवत्सरीला शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' असा संदेश जाई. दादांना तेवढा जात नसे.

माहितीपटाचा शेवट 1984 च्या फ्रेंच स्पर्धेतील अंतिम सामन्याने होतो. समोर इव्हान लेंडल. मॅकेन्रोने पहिले दोन सेट 6-3, 6-2 असे सहज जिंकले. तिसऱ्या सेटमध्ये मैदानालगतच्या एका कॅमेरामनच्या हेडफोनमधून येणाऱ्या आवाजाने त्याचे चित्त ढळले. तो तेथे जाऊन त्या हेडफोनमध्येच ओरडला. पुढे लेंडलने तो सेट 6-4 आणि नंतरचे दोन्ही 7-5, 7-5 असे घेतले. त्या वर्षी 82 सामने जिंकून केवळ तीन हरलेल्या या खेळाडूला फ्रेंच विजेतेपद पुढे कधीच मिळाले नाही. पराभवाचे कारण केवळ क्रोध होता असे नव्हे; लेंडलही चिवट होता, मॅकेन्रो थकलाही होता. पण तो सामना आपल्याला अजून सलतो, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे.

आपल्या शास्त्रकारांनी क्रोध कषायाच्या चार पायऱ्या रेषांच्याच दृष्टांताने सांगितल्या आहेत. संज्वलन क्रोध पाण्यावरच्या रेषेसारखा, प्रत्याख्यानावरण वाळूवरच्या, अप्रत्याख्यानावरण भेगाळलेल्या जमिनीसारखा आणि अनंतानुबंधी पर्वताला गेलेल्या तड्यासारखा. कर्मग्रंथात त्यांची मुदतही दिली आहे: पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि यावज्जीव. ज्याचा राग संवत्सरी ओलांडतो, त्याने आपली रेषा कशावर ओढली गेली आहे ते पाहावे, असा त्याचा अर्थ. चूक कोणाची, हा प्रश्न त्या मोजमापात येतच नाही.

"आणि बोर्गसमोर तो असा वागत नसे," मुलाने सहज सांगितले. 1979 मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या सामन्यात मॅकेन्रो संतापाने धुमसत असताना ब्योर्न बोर्गने त्याला जाळीपाशी बोलावले, खांद्यावर हात ठेवला आणि शांत हो, सामना छान चालला आहे, एवढेच सांगितले. तो सामना मॅकेन्रोनेच जिंकला. पुढच्या वर्षीच्या विम्बल्डन अंतिम सामन्यात, 18-16 पर्यंत ताणलेल्या त्या टायब्रेकमध्येही, त्याचा तोल सुटला नाही.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, पारणे झाल्यावर, गृहस्थ वसई रोड स्थानकावर गेले आणि विरार लोकलमध्ये बसले. हिशेबाची जुनी वही त्यांनी बरोबर घेतली नव्हती. दार वहिनींनी उघडले. आतून दादांनी "कोण आहे?" असे विचारले, तेव्हा त्यांना चटकन उत्तर देता आले नाही. मग ते आत गेले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "दादा, मी बोललो ते चुकलं. मिच्छामि दुक्कडम्."

हिशेबातला फरक अजून तसाच आहे. त्या दिवशी त्यावर कोणीच बोलले नाही.