काळ्या रानातले पापुद्रे

खनिजाचा एकेक पापुद्रा सोडवायचा आणि त्यापासून रेणू गाळणारा पडदा बनवायचा, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यातली दोन्ही मूळ खनिजे वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनच्या शिवारासारख्या भूमीत सापडतात. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू त्यांच्यावरूनच चालत जातो. एक असते काळ्या रानात, दुसरे त्याखालच्या खडकात.

आधी रानाचे बोलू. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसात त्या मिटतात. हे काम स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीचे. तिचा पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यावर थोडा ऋण विद्युतभार असतो. तो सावरायला दोन पापुद्र्यांच्या मधे कॅल्शियम, मॅग्नेशियम नाहीतर सोडियमचे आयन बसतात. ते पाणी ओढून घेतात आणि माती फुगते. मधे कॅल्शियम असेल तर पापुद्रे थोडे सरकून थांबतात, कारण दोन भारांचा कॅल्शियम दोन्हींकडून धरून ठेवतो. सोडियमची पकड ढिली. कमी क्षारांच्या पाण्यात ती सुटते आणि पापुद्रे मोकळे तरंगू लागतात. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे पापुद्रे सुटले, तर दोन्ही बाजू मिळून सात गुंठ्यांच्या आसपास पृष्ठभाग उघडा पडतो!

प्रयोगशाळेत असे घडले की आम्ही हरखतो. शिरपूरच्या उत्तरेला, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हेच घडले की रान चोपण होते. सुटलेले पापुद्रे मातीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरत नाही, वेळेवर वाफसा येत नाही. जिप्सम टाकतात ते सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवायला. माझ्या क्षेत्राचे अर्धे रसायनशास्त्र या एका उपायात आहे आणि ते विदर्भातल्या शेतकऱ्याला आमच्याआधी ठाऊक होते.

आता खडक. विहीर खणताना मांजऱ्या खडक लागला की त्याच्या पोकळ्यांत पांढरे, मोतिया झाक असलेले खडे दिसतात. त्यांत हुलँडाइट आणि स्टिल्बाइट ही झिओलाइट गटातली खनिजे असतात. नाशिक, जळगाव, पुणे भागातले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. झिओलाइटच्या सांगाड्यात एकसारख्या मापाची, रेणूएवढी छिद्रे असतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेत दिलीपकुमार पाल आणि तपस भट्टाचार्य यांनी दाखवले, की खडकाच्या झिजेतून दख्खनच्या काळ्या मातीत आलेले हुलँडाइट कॅल्शियम पुरवत राहते आणि मातीचा निचरा टिकवते. हे काम मला फार मोलाचे वाटते. छिद्रांचे खनिज इथे पापुद्र्यांच्या खनिजाला सांभाळते आहे.

पडद्यासाठी मात्र दोघांचे गुण एकाच पदार्थात हवेत. मातीचा पापुद्रा सहज सुटतो, पण त्याला आरपार छिद्र नाही. हुलँडाइटला छिद्रे आहेत आणि त्याचे पातळ कपचेही निघतात, पण आतला सांगाडा सगळ्या दिशांनी बांधलेला असल्यामुळे पाण्याने तो उलगडत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत असे झिओलाइट घडवतात, ज्याचे थर अजून एकमेकांना जोडले गेलेले नाहीत. १९९८ मध्ये व्हॅलेन्सियाच्या आवेलिनो कोर्मा यांच्या गटाने अशा थरांत साबणासारखे लांब रेणू घुसवून ते फुगवले आणि ध्वनिलहरींनी सोडवले. त्यात पापुद्रे तुटले, तरी उत्प्रेरकासाठी ते पुरेसे होते. पडद्याला मात्र तुटका पापुद्रा चालत नाही. एक चीर राहिली की तिच्यातून सगळेच निसटते.

तोडगा निघाला २०११ मध्ये. मिनेसोटा विद्यापीठातल्या मायकेल त्सापात्सिस यांच्या गटात कुमार वरुण अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी फुगवलेले थर वितळलेल्या पॉलिस्टायरिनमध्ये कणीक मळावी तसे मळले. चिकट प्लास्टिकच्या ओढीने पापुद्रे अलगद वेगळे झाले. मग टोल्युइनमध्ये प्लास्टिक विरघळवले आणि सुमारे तीन नॅनोमीटर जाडीचे अखंड पापुद्रे हाती आले. ते सच्छिद्र आधारावर पसरून मधल्या फटी स्फटिक वाढवून बुजवल्या, तेव्हा त्या पडद्याने पॅराझायलीनचे रेणू सोडले आणि त्याच अणूंचे, पण किंचित रुंद ऑर्थोझायलीनचे रेणू अडवले. २०१७ मध्ये त्याच गटाने पापुद्रे सोलण्याऐवजी थेट वाढवून दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने याच झिओलाइट कुळातला एन्सिलाइट हा उत्प्रेरक झायलीनसाठीच तयार केला होता. कारखान्यात चालणारा झिओलाइट घडवण्याचे कसब महाराष्ट्रात केव्हापासून आहे!

माझे मन मात्र झायलीनपेक्षा खाऱ्या पाण्याकडे ओढ घेते. आज गावोगावच्या आरओ यंत्रांतला पॉलिमरचा पडदा क्लोरीनने खराब होतो. झिओलाइट क्लोरीनला आणि उष्णतेला दाद देत नाही. अडचण आहे ती आकाराची. नखाएवढा निर्दोष पडदा जमतो, चौरस मीटरभर बिनफटीचा आणि परवडणारा जमवणे अजून अवघड आहे. तो जमला की त्याची चाचणी शुद्ध पाण्यात मीठ विरघळवून करू नये. खारपाणपट्ट्यातल्या हातपंपाचे पाणी आणावे, कारण त्यात मिठासोबत मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटही असतात, आणि पडद्यावर क्षारांची पुटे अशाच पाण्यात चढतात.