किण्वाचें गोत्र

नाशिकक्षेत्रीं येणारा यात्रेकरू गोदास्नान, काळ्या रामाचें दर्शन आणि त्र्यंबकेश्वराची फेरी इतकें आटोपून परत फिरतो. अंबड त्याच्या वाटेंत येत नाहीं. शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गाजवळ, पांडवलेण्यांचा डोंगर जेथून स्पष्ट दिसतो अशा जागीं हें मूळचें एक खेडें. आतां तें महापालिकेच्या हद्दींत मोडतें, आणि त्याच्या शिवारांत औद्योगिक वसाहत उभी आहे. आमचे चिरंजीव तेथील एका कारखान्यांत नोकरीस असल्यामुळें गेलीं चार वर्षें आमचा मुक्काम तेथेंच आहे. देवळें, घाट, जुने वाडे यांची ज्यांना आवड आहे त्यांना या स्थळीं पाहण्यासारखें फारसें नाहीं. परंतु नाक शाबूत असलेल्या मनुष्यास तेथें बराच विषय सांपडतो.

पहांटे फिरावयास निघावें तों प्रथम तेलाचा व तापलेल्या लोखंडाचा वास येतो. पुढें वळणावर पाव भाजणाऱ्या भट्टीचा. रात्रपाळी सुटलेली मंडळी मिसळीच्या दुकानापुढें उभी असतात, त्यांच्यासाठीं लाद्यांवर लाद्या उतरत असतात. शेजारीं एक मद्रासी बाई इडलीचें आंबविलेलें पीठ पिशव्यांत भरून विकते. त्या पिशव्या उन्हें वर येईपर्यंत टम्म फुगतात. डेअरींत दह्याचे डबे लागतात. एवढ्याशा टापूंत तीन ठिकाणीं आंबविण्याचें काम चाललेलें असतें, आणि तिन्ही ठिकाणचे कामकरी डोळ्यांस न दिसणारे! दह्याचे जंतु निराळ्या जातीचे. इडलींतही मुख्य काम जंतूंचेंच, किण्वाचा हात थोडा. पावाचें काम मात्र सर्वस्वीं किण्वाचें, म्हणजे ज्याला बाजारांत यीस्ट म्हणतात त्याचें.

किण्व हा शब्द आम्हीं बनविलेला नव्हे. अमरकोशांत तो आहे, आणि त्याच्या जोडीस नग्नहू हा त्याहूनही जुना शब्द आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे; त्यांत किण्व कसें बांधावें याची कृतिच दिली आहे. उडदाचें वाटण एक द्रोण, तांदूळ त्याहून तृतीयांशानें अधिक, आणि मोरटादि औषधी एकेक कर्ष. उडीद आणि तांदूळ! ती मद्रासी बाई प्रमाण बदलून तोच जिन्नस विकते, हें तिला सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. याच प्रकरणांत कौटिल्यानें गृहस्थांना समारंभप्रसंगीं श्वेतसुरा आणि औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मुभा ठेविली आहे. आजचें राज्य त्या मानानें कडक. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून घरीं मद्य करणें हा महाराष्ट्रांत गुन्हा आहे. विलायतेंत व अमेरिकेंत लोक स्वयंपाकघरांत बीर करून पाहतात, तसें येथें करतां येत नाहीं. ज्याला किण्वाचें कौतुक पाहावयाचें असेल त्यानें परवानेवाल्या कारखान्याचें दार ठोठवावें.

तें दार आम्हांस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें उघडलें. हा मुलगा संस्कृतांत अगदींच बेताचा. रसायनांत मात्र पुढें चमकला, आणि गंगापूर धरणाच्या बाजूस एका द्राक्षमद्याच्या कारखान्यांत प्रयोगशाळा सांभाळतो. राहतो अंबडलाच. गेल्या फाल्गुनांत तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही आणि वहिनीसाहेब एकदां येऊन तरी पाहा. प्यावयाचें थोडेंच आहे? वास घ्यावयाचा.” वास घेणें म्हणजे अर्धें भोजन, हें शास्त्र आम्हींच त्याला शिकविलें होतें, तें असें उलटलें.

अंबडहून सातपूरच्या जोडरस्त्यानें निघून गंगापूरच्या बाजूस लागलें कीं तासाभरांत देखावा पालटतो. कारखान्यांच्या पत्र्यांऐवजीं द्राक्षांचे मांडव. नाशकाकडील द्राक्षाचें वर्ष दोन छाटण्यांवर चालतें : एप्रिलांत खरडछाटणी, ऑक्टोबरांत गोडी छाटणी. म्हणून फ्रान्सांत जो हंगाम भाद्रपद-आश्विनांत येतो तो येथें माघ-फाल्गुनांत. आम्ही गेलों तेव्हां शेनिन ब्लां नांवाच्या पांढऱ्या द्राक्षांचा रस निघत होता.

आमच्या विद्यार्थ्यानें टेबलावर तीन बरण्या मांडल्या होत्या. तिन्हींत एकाच दिवशीं, एकाच मळ्यांतल्या द्राक्षांचा रस. साखर तीच, उष्णता तीच, अठरा अंश. फरक इतकाच कीं पहिलींत द्राक्षमद्याचें परदेशी यीस्ट, दुसरींत जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीरचें यीस्ट, आणि तिसरींत कांहींच नाहीं. द्राक्षांच्या सालीवर व कारखान्याच्या हवेंत जें आपोआप असतें तेवढेंच. पांचवा दिवस चालू होता. पहिलीचा वास स्वच्छ, किंचित् पेअरसारखा. दुसरीचें झांकण काढतांच पिकल्या केळ्यांचा घमघमाट! आम्हीं विचारलें, “केळें घातलें आहेस काय?” तो हंसला. केळ्याला जो वास असतो तोच पदार्थ हें यीस्ट स्वतःच्या शरीरांत तयार करतें. जव-गव्हाच्या रसांत तेंच लवंगेचाही वास आणतें. तिसऱ्या बरणीशीं वांकतांच आमच्या सूनबाईंनीं नाक धरलें व म्हणाल्या, “हा तर नखांचा रंग पुसावयाच्या पाण्याचा वास!” मुलगा खूष झाला. परीक्षा अगदीं बरोबर होती.

किण्व म्हणजे एकपेशीय बुरशी. एका मिलिमीटरांत शंभरावर सहज मावतील. साखर खाऊन तें मद्यार्क आणि कर्बवायु सोडतें. पाववाल्यास वायु हवा, कलालास मद्यार्क. पाव, द्राक्षमद्य आणि पुष्कळ प्रकारची बीर यांतील किण्वें एकाच जातीचीं, एका आडनांवाचीं. परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना हें सांगावयास नको कीं आडनांव एक म्हणून स्वभाव एक असत नाहीं. एक भाऊ तापट, झपाट्यानें काम करणारा. दुसरा थंडीवांचून कामाला लागत नाहीं. तिसरा ताटांतलें अर्धें टाकून उठतो. बीरचेंच उदाहरण घ्या. एल नांवाच्या बीरचें यीस्ट वीस अंशांच्या आसपास खुशीनें काम करतें, फेंसाबरोबर वर येतें आणि फळांसारखे वास सोडतें. लागरचें यीस्ट सात-आठ ते बारा-तेरा अंशांत, सावकाश, तळाशीं बसून काम करतें. त्याचा वास जवळजवळ नाहींच. कांहीं यीस्टांना जवाच्या रसांतील अवघड साखर पचत नाहीं, म्हणून ती बीर गोडसर राहते. ब्रेटॅनोमायसिस म्हणून एक भाऊबंद आहे, त्याच्या हातची बीर तबेल्यासारखी वासते. आणि बेल्जमांत कांहीं लोक तिच्यावरच लुब्ध!

या लागरच्या यीस्टाची वंशावळ मोठी गमतीची आहे. हें संकरज आहे, एक बाजू नेहमींच्या यीस्टाची, हें ठाऊक होतें. दुसरी बाजू कोणाची याचा पत्ता लागत नव्हता. २०११ सालीं दक्षिण अमेरिकेंत पॅटागोनियाच्या रानांतील झाडांच्या गांठींवर तो नातलग सांपडला. पुढें तिबेटांतही सांपडला. शेंकडों वर्षें जें घरांत राबत होतें त्याचें गोत्र असें उशिरा कळलें. तत्पूर्वीं, १८८३ सालीं, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत एमिल हान्सेन यानें त्याची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविला होता, आणि मालक याकोबसेन यानें तो वाण इतर कारखानदारांनाही मोकळ्या हातानें देऊं केला. शेजारणीस विरजण नाहीं म्हणूं नये ही आपल्याकडची रीत त्या डेन गृहस्थास कोणीं सांगितली असेल?

दोन आठवड्यांनीं आम्ही पुन्हां गेलों. पहिली बरणी शांत झाली होती, साखर सर्व संपलेली. दुसरी मध्येंच थांबली होती. मद्यार्क वाढल्यावर बीरच्या यीस्टानें हात टेकले व गोडी मागें राहिली. तिसरींत मात्र आश्चर्य. तो उग्र वास बराच ओसरला होता आणि खालून एक मंद, रानफुलासारखा वास येत होता. सालीवरचीं पहिलीं किण्वें फार मद्य सोसत नाहींत; शेंकडा चार-सहाच्या पुढें तीं मरतात, मग दुसरीं, चिवट, कारभार हातीं घेतात. त्या चिवटांतलीं कांहीं आमच्या विद्यार्थ्यानें कांचेच्या थाळींत उतरून घेतलीं आहेत.

येथें आमच्या व त्याच्या बोलण्यास खरें तोंड फुटलें. वेल फ्रान्सचा, यीस्ट पाकिटांतून परदेशचें. मग बाटलीवर नाशिकचें नांव लागतें तें कशाचें? माती, ऊन आणि शेतकऱ्याची छाटणी यांचें, असें तो म्हणाला. पण उत्तर त्याला स्वतःलाही पुरेसें वाटत नव्हतें. सोव्हिन्यों ब्लांच्या रसांतून पेरूचा वास किती मोकळा व्हावा हें पुष्कळ अंशीं यीस्ट ठरवितें. तेव्हां अर्धा वास आपण विकत आणतों. उलट मालकाची बाजू अशी कीं, दहा हजार लिटरांची टांकी रानटी किण्वाच्या भरंवशावर सोडली आणि ती मध्येंच अडली, तर वर्षाचा माल गेला आणि द्राक्षें देणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे लटकले. आमच्या मतें मालकाचें म्हणणें टांकीपुरतें खरें आहे. बरणीपुरतें तें खरें मानण्याचें कारण नाहीं. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह जतन केलेला आहे, तशी शाळा-संस्थांची सोय या प्रांतांत आहे. थाळींतलीं किण्वें पारखून घ्यावयास कोणी विलायतेस जावयास नको. मालकानेंही दरसाल चार बरण्यांची परवानगी दिली आहे, हें त्याच्या उदारपणास धरून आहे.

चौथ्या बरणीची सूचना आमची. द्राक्षासव व इतर आसवें करतांना वैद्य धायटीचीं फुलें घालतात तीं उगीच नव्हेत. त्या फुलांतल्या मधाबरोबर किण्व आसवांत जातें. सह्याद्रींत धायटीला तोटा नाहीं. त्र्यंबकच्या वाटेवरच्या एका उतारावर ती लालभडक फुललेली होती. सूनबाईंनीं ओंजळभर खुडून कागदांत बांधून दिलीं. विद्यार्थ्यानें तीं रसांत टाकून बरणीवर तारीख घातली, आणि नांवाच्या जागीं, आमचा मान राखण्यासाठीं, ‘नग्नहू’ असें लिहिलें. न चें अनुस्वारासह दोनदां चुकवून. चार दिवस झाले. फेंस अद्याप आलेला नाहीं.