सीतेची आसवं

सीता वनवासात रडली, तिचे अश्रू पडले तिथे ही फुलं उगवली, असं सांगतात. निळसर-जांभळी, नखाएवढी. भाद्रपदात कास पठारावर त्यांचे गालिचे पसरतात. आणि हे झाड चक्क मांसाहारी आहे!

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती जरा दुखावलीच. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी बाई. "सीतामाईचं नाव आणि असले उद्योग?" म्हणाली.

उद्योग सगळा जमिनीखाली चालतो. या झाडाला खरी मुळंच नसतात. ओल्या मातीत धाग्यांसारखी खोडं पसरतात आणि त्यांना खसखशीएवढ्या पिशव्या लागतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जाऊन ताणलेल्या असतात. तोंडाशी झडप, झडपेवर केस. एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर तो आत खेचला जातो आणि दार बंद. आपली पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, पण त्यालाही वाटलं होतं की किडे स्वतःच डोकं खुपसून आत घुसतात.

शेजारीच दवबिंदू असतो. त्याचा कारभार उघड्यावर. पानावरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, उन्हात असे चमकतात की माणूसही फसावा. चिलट चिकटलं की केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. नंतर उरतं ते नुसतं टरफल.

आई म्हणाली, "पण हिरवी पानं आहेत ना, मग भूक कसली?"

प्रश्न बरोबर होता. जेवण ही झाडं उन्हातूनच बनवतात. अडतं ते नत्र आणि स्फुरदापाशी. कासला जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यातलं सत्त्व सातारी पाऊस धुऊन नेतो. मग ते किड्यांकडून घ्यायचं. माझ्या मते याला शिकार म्हणण्यापेक्षा उसनवारी म्हणावं. (परत न करण्याची. :) )

२०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आलं. आता हंगामात गर्दी मावत नाही. फोटोसाठी लोक ताटव्यात बसतात तेव्हा माझा जीव वरच्या फुलांपेक्षा खालच्या त्या पिशव्यांसाठी तुटतो. दोन बोटं ओल्या मातीत त्यांचा सगळा संसार.

आईने त्या वर्षी गुडघे दुखत असतानाही वाट सोडून एकदासुद्धा पाऊल टाकलं नाही. "जेवतायत बिचारी," म्हणाली.